फुटपाथवरची साक्ष

१३ जुलै १९८१. मुंबईत पावसाळा सुरू होता. त्या दिवशी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं, की फुटपाथवर राहणाऱ्यांना बळाने हटवून आपापल्या गावी पाठवलं जाईल. दहाएक दिवसांत झोपड्या तुटू लागल्या. माणसांना बसमध्ये बसवलं जाऊ लागलं.

या हुकमामागे एक समजूत होती. यांची गावाकडे घरं आहेत, हे इथे फुकट राहतात, काम करत नाहीत, चोऱ्या करतात. ही वाक्यं आपण आजही ऐकतो. फरक इतकाच, की त्या वर्षी फुटपाथवरच्या काही माणसांनी त्यांना उत्तर दिलं, आणि तेही सर्वोच्च न्यायालयात. पत्रकार आणि नागरी हक्क संघटना त्यांच्यासोबत होत्या. पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो.

याचिकेत दोन आयुष्यांची हकिगत आहे. एक जण संगमनेरचा. गावात चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे. राहतं घर पडलं आणि तो १९६९ मध्ये मुंबईला आला. महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले. बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० लागले. म्हणजे ‘फुकटच्या’ झोपडीत जवळजवळ तीन महिन्यांचा पगार गेला.

दुसरा तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने काम गेलं म्हणून १९६१ मध्ये आला. दहिसरच्या एका रसायन कंपनीत रोज २३ रुपये मिळायचे. हायवेच्या कडेला ताडपत्रीच्या आडोशासाठी त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले गेले. झोपडी तोडल्यावर कुटुंबासकट त्याला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको आणि मुली तिथेच राहिल्या. तो मात्र परत आला, कारण गाव होतं पण गावात काम नव्हतं.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल दिला. ही माणसं हौसेने नाही, नाइलाजाने फुटपाथवर राहतात, हे न्यायालयाने मान्य केलं. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असंही सांगितलं. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे वाक्य पाठ असतं. पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो: नोटीस देऊन त्यांना हटवता येईल. फक्त तो पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा.

न्यायालयाने त्यांचं म्हणणं खरं मानलं, पण घर मिळालं नाही.

त्याच वर्षी आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा माहितीपट आला. त्यात एक बाई कॅमेऱ्यामागच्या लोकांनाच फैलावर घेते. तुम्ही आमचं चित्रण करून जाल, त्याचा आम्हाला काय उपयोग, असा तिचा रोख आहे. गरिबाची गोष्ट ऐकून हळहळणाऱ्या प्रत्येकाला तो प्रश्न लागू पडतो.

भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी या प्रश्नाचं स्वतःपुरतं उत्तर शोधलं. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या ‘स्पार्क’ संस्थेबरोबर त्यांनी १९८५ मध्ये गणतीच केली. कुठून आलात, कधी आलात, काम काय करता, कामावर कसे जाता? सुमारे सहा हजार कुटुंबांची माहिती जमली. ही कालपरवा आलेली माणसं नव्हती. कित्येक कुटुंबं वर्षानुवर्षं तिथेच राहत होती. ती कामं करत होती आणि कामावर चालत जाता यावं म्हणून त्याच रस्त्यावर टिकून होती. अहवालाला नाव दिलं, ‘वी, द इन्व्हिजिबल’. आम्ही, न दिसणारे.

एका माणसाची कहाणी अपवाद म्हणून बाजूला सारता येते. सहा हजार घरांची यादी तशी सारता येत नाही. पुढे याच बायकांची ‘महिला मिलन’ संघटना उभी राहिली. त्यांनी बचत केली, घरांचे आराखडे स्वतः मांडले. अखेर मानखुर्दला ‘मिलन नगर’ उभं राहिलं.

गावी पाठवणारी बस घोषणेनंतर दहा दिवसांत आली होती. घराची किल्ली हातात यायला वीसहून अधिक वर्षं लागली.