डेथ व्हॅलीत दोन रात्री

नावच असं की नागपूरकरही दचकेल! १० जुलै १९१३ला इथं ५६.७ अंशांची नोंद झालीय. आम्ही शहाणे, जानेवारीत गेलो. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घरच. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी... सकाळी पोहेसुद्धा झाले.

हे नाव १८४९-५०च्या हिवाळ्यात वाट चुकलेल्या, सोन्यामागे निघालेल्या लोकांनी दिलं. टिंबिशा शोशोनींचं मात्र हे पिढ्यान्‌पिढ्यांचं घर. उन्हाळ्यात ते डोंगरावर जात, आपल्याकडचे गोरे साहेब पचमढीला जात तसे. १९३३मध्ये खोरं राष्ट्रीय स्मारक झालं, १९९४मध्ये राष्ट्रीय उद्यान. टिंबिशांना त्यातली थोडी जमीन परत मिळाली ती २००० सालच्या कायद्यानं.

आम्हाला दोन रात्रींचे पैसे भरताच जागा मिळाली होती.