बाकावर फुंकर मारून बसा

आत येताना मान वाकवा, चौकट बुटकी आहे. बुटांचा बर्फ उंबऱ्यातच झटका. साल १८९५, आजच्या युक्रेनमधल्या पोल्तावा प्रांतातलं ओपिश्न्या, कुंभारांचं गाव. इथल्या ज्युलियन पंचांगात आज २४ डिसेंबर, नाताळची आदली संध्याकाळ. पश्चिम युरोपात मात्र ५ जानेवारी उजाडलाय. सकाळपासून घरात कुणाच्या पोटात अन्न नाही. आकाशात पहिली चांदणी दिसली की मगच पानं वाढायची.

भुकेनं तुमचंही पोट ओढायला लागतं आणि तेवढ्यात तो वास येतो. धुराचा, आणि त्याच्या मागून पिकल्या फळाचा.

खोलीचा मोठा कोपरा 'पीच'नं अडवलाय. मातीची, पांढऱ्या रंगानं सारवलेली ही भलीथोरली भट्टी. आत पाव भाजतात, वर मुलं झोपतात. घरातली आजी लांब दांड्याच्या दुबेळक्यानं आतलं मडकं पुढे ओढते. तिला सगळे 'बाबा' म्हणतात. युक्रेनी भाषेत बाबा म्हणजे आजी, तेव्हा हाक ऐकून दचकू नका.

ती झाकण काढते. हाच उझ्वार, वाळलेल्या फळांचं पेय.

तिच्या पिशवीत उरलेलं एक वाळलेलं नाशपातीचं फळ हातात घेऊन बघा. अंगठ्याएवढं, देठासकट, दगडासारखं टणक, सुरकुत्यांत काजळी बसलेली. आता मडक्यात डोकवा. तीच फळं पाणी पिऊन पुन्हा गरगरीत झालीत, देठ अजून जागेवर आहेत. बाजूला सफरचंदाच्या तपकिरी फोडी, काळे आलुबुखार, तळाशी चेरी. सप्टेंबरात डहाळ्या विणून केलेल्या जाळीवर आलुबुखार पसरून खाली मंद विस्तव ठेवला होता. बाकीची फळं पाव भाजून झाल्यावर पीचच्या उरल्या उबेत सुकली. धुराची चव तिथूनच आली. नुसत्या उन्हात वाळवलेल्या फळांचा उझ्वार मला अर्धाच वाटतो.

करायला सोपा, पण घाई त्याला सोसत नाही. आधी नाशपाती आणि सफरचंद, कारण ती उशिरा मऊ होतात, आलुबुखार नंतर. एक उकळी आली की मडकं विस्तवापासून दूर सारायचं आणि झाकून तासन्‌तास मुरू द्यायचं. मध घालायचा तो कोमट झाल्यावर.

"दिसली! दिसली!" अंगणातून पोरं धावत येतात.

थांबा, तसेच बसू नका. आधी बाकावर हलकी फुंकर मारा. आज घरातली गेलेली माणसं जेवायला आलीत, कुणाच्या मांडीवर बसायला नको. कोपऱ्यात देवांच्या तसबिरींखाली धान्याची पेंढी उभी आहे, तिचं नावच 'दिदुख', 'दिद' म्हणजे आजोबा. मेजावरच्या कापडाखाली सुकं गवत पसरलंय.

पहिला घास कुत्याचा: शिजवलेले गहू, मध, वाटलेली खसखस. आपल्या गव्हाच्या खिरीची आठवण येईल, पण यात दूध नाही. आज दूध, अंडी, मांस सगळंच वर्ज्य. बारा पदार्थ होतात. मासे, कोबीचं सारण भरलेले वारेनिकी, मशरूमचं बोर्श्त नावाचं सूप. शेवटी बाबा मातीच्या पेल्यात उझ्वार ओतते. आधी जिभेला धूर लागतो, मग आंबटपणा, आणि मध अगदी उशिरा. तळाचं आलुबुखार बोटानं काढून खा, सगळेच खातात.

जेवणं झाली तरी मेज आवरत नाहीत. कुत्याचं भांडं, चमचे, उझ्वारचं मडकं, सगळं रात्रभर तसंच राहतं. आलेल्यांना सावकाश जेवू द्यायचं असतं.

पुढे विसाव्या शतकात ज्युलियन पंचांगातली ही संध्याकाळ सरकून ६ जानेवारीला आली. २०२३ मध्ये युक्रेनच्या संसदेनं ७ जानेवारीची नाताळची सुट्टी रद्द करून फक्त २५ डिसेंबरची ठेवली. त्यामुळे आज युक्रेनमधल्या कितीतरी घरांत उझ्वार पुन्हा २४ डिसेंबरलाच वाढला जातो, आणि त्यासाठी मडकं आदल्या रात्रीच चढवतात.