काळं घर, पांढरं घर

वही-पेन घेऊन बसा. आजची गोष्ट नुसती ऐकायची नाही, हातानं करायची आहे.

पाच घरं आडवी, पाच उभी, असा पंचवीस घरांचा चौकोन आखा. डाव्या बाजूला वरून खाली एकेका ओळीपुढे आकडे लिहा : १, १, ५, १, १. वरच्या बाजूला उभ्या ओळींवरही तेच आकडे लिहा. त्या ओळीत सलग किती घरं काळी करायची, ते आकडा सांगतो. बाकीची पांढरी.

पहिल्या ओळीत एकच घर काळं आहे. पण पाचांतलं कोणतं? आत्ता कळत नाही, म्हणून तिथं हात लावायचा नाही. मधल्या ओळीला ५ आहे आणि घरंही पाचच, म्हणजे सगळी काळी. मधली उभी ओळही तशीच. आता पुन्हा पहिल्या ओळीकडे या. तिचं एक घर उभ्या ओळीनं भरून टाकलंय. उरलेल्या चारांत फुल्या मारा. असंच करत गेलात की अधिकचं चिन्ह उमटतं. एकदाही अंदाज करावा लागला नाही.

आकडा ४ असता तर? डावीकडून भरा किंवा उजवीकडून, मधली तीन घरं दोन्ही वेळा काळीच होतात. ती तीन नक्की. कडेच्या दोघांसाठी थांबायचं.

या कोड्याचा जन्म जपानचा. १९८७ साली टोकियोत एक स्पर्धा झाली. नॉन इशिदा या चित्रमांडणीचं काम करणाऱ्या बाईंनी उंच इमारतीच्या खिडक्यांतले दिवे लावून-विझवून चित्रं तयार केली आणि ती स्पर्धा जिंकली. दिवा लागलेली खिडकी एक घर, विझलेली दुसरं. त्यातूनच त्यांना कोडं सुचलं. त्याच सुमाराला तेत्सुया निशिओ यांनीही स्वतंत्रपणे असंच कोडं तयार केलं. १९९० मध्ये इंग्लंडच्या ‘संडे टेलिग्राफ’ या वर्तमानपत्रात ते दर आठवड्याला येऊ लागलं. तिथं जेम्स डॅलगेटी यांनी नॉनबाईंच्या नावावरून त्याला ‘नोनोग्राम’ म्हटलं. एका बाईचं नाव असं जगभर गेलं.

कोडं नवं, पण दोनच खुणांनी चित्र काढायची रीत जुनी आहे. माग आठवा. बाण्याचा धागा ताण्याच्या एका धाग्यावरून जातो, पुढच्याच्या खालून. वर की खाली, तिसरं काही नाही. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला जोसेफ जॅकार्ड यांनी मागाला भोकं पाडलेले पुठ्ठे जोडले. भोक असेल तिथं धागा उचलला जाई, नसेल तिथं खाली राही. कापडावरची वेलबुट्टी आधी चौकटीच्या कागदावर घराघरानं रंगवत आणि मग पुठ्ठ्यावर उतरवत.

इतक्या लांब कशाला जायचं? आपल्या उदगीरच्या खादी केंद्रात तिरंग्याचं कापड विणलं जातं आणि नांदेडला त्याचे झेंडे तयार होतात. त्या साध्या विणीतही एक वर, एक खाली, आणि पुढच्या ओळीत उलट. आपल्यातल्या कित्येकींनी दोसुतीवर फुल्यांचे मोर भरलेत. तेव्हा घरं मोजली, रिकामी सोडली, चुकलं तर उसवलं. या कोड्याला लागणारा हिशोब तोच. त्याला कुणी गणित म्हटलं नाही, म्हणून आपणही म्हटलं नाही.

आमच्या गटाच्या खजिनदारताई तिसरीपर्यंत शिकलेल्या. “मला आकडेमोड जमत नाही,” असं त्या नेहमी म्हणायच्या. कोडं मात्र आमच्यात आधी त्यांनाच सुटलं.

मग वर्षअखेर आली. गटाच्या वहीत आडव्या ओळीत एका महिन्याची सगळ्यांची बचत असते, उभ्या ओळीत एकेकीची वर्षभराची. एका बाईच्या नावावर शंभर रुपये कमी निघाले. “भरलेच नसतील,” अशी कुजबुज झाली. तिचा चेहरा उतरला. गट सोडते म्हणाली.

खजिनदारताई म्हणाल्या, “अंदाजानं कुणाला काळं करू नका.” त्यांनी आधी आडव्या ओळी पाहिल्या. दर महिन्याला सगळ्यांचे हप्ते धरून बेरीज पासबुकाशी जुळत होती. म्हणजे पैसा आला होता, बुडाला नव्हता. मग चूक घरात होती. जुळलेल्या घरांत फुल्या मारत गेलो. दुसऱ्या एका उभ्या ओळीत शंभर जास्त सापडले. श्रावणातला हप्ता शेजारच्या घरात लिहिला गेला होता. लिहिणाऱ्या आम्हीच होतो. आम्ही सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ती आजही गटात आहे.

कोड्यानं आम्हाला हेच शिकवलं. जे नक्की, तेवढंच भरायचं. जे नक्की नाही, तिथं फुली मारायची. जे ठाऊक नाही, ते कोरं ठेवून दुसऱ्या ओळीकडे जायचं.

पुढच्या बैठकीला चौकटीची वही घेऊन या. मुलींनाही सोबत आणा.