दुव्यांची वेचणी

मराठी विश्वकोशांतील नोंदीच्या अखेरीस ‘पहा’ असा शब्द येतो व त्यापुढें दुसऱ्या नोंदींचीं नांवें असतात. जिज्ञासु वाचकास एका विषयावरून दुसऱ्याकडे नेणारा हाच तो दुवा. १९८९ सालीं सर्न ह्या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली ह्यांनीं अशाच कल्पनेवर जगद्व्यापी जाळ्याची योजना मांडली. पानांतील शब्दामागेंच दुसऱ्या पानाचा पत्ता ठेवला.

जाळें वाढूं लागलें, तेव्हां हे पत्ते हातानें उतरवून घेणें अशक्य झालें. १९९३ सालीं मॅथ्यू ग्रे ह्यांचा ‘वाँडरर’ नांवाचा प्रोग्राम दुव्यामागून दुवा धरीत जाळें मोजूं लागला. पुढें २००४ सालीं लिओनार्ड रिचर्डसन ह्यांनीं पायथन भाषेसाठीं ‘ब्यूटिफुल सूप’ ही लायब्ररी सिद्ध केली. ॲलिसच्या अद्भुत कथेंतील गाण्यावरून हें नांव आलें. तिची रीत अशी: पानाची खूणभाषा, अशुद्ध असली तरीहि, वाचून तिचा वृक्ष करावयाचा, त्यांतील ‘ए’ ह्या खुणा शोधावयाच्या, प्रत्येकींतील ‘एचरेफ’ म्हणजे पत्ता उचलावयाचा. पत्ता अपुरा असल्यास मूळ पानाच्या पत्त्यास जोडून तो पुरा करावा लागतो.

परंतु वेचणारानें शेताच्या धन्यास विचारावें, हें आपण वऱ्हाडांतील कापूस पिकविणारे जाणतोंच. १९९४ सालीं मार्टाइन कोस्टर ह्यांनीं सुचविलेल्या ‘रोबॉट्स’ फायलींत यंत्रानें कोठें शिरूं नये हें लिहिलेलें असतें. तें पाळणें वेचणाराच्या सचोटीवर सोंपविलेलें आहे. वरवट बकालच्या विद्यार्थ्यासहि आज हें साधन विनामूल्य मिळतें. यंत्र न विचारतां शिरतें. विचारण्याचें काम त्या विद्यार्थ्याचें आहे.