हॅश हाऊस हॅरियर्स: खानावळीच्या नावाचा रनिंग क्लब

इअरफोन लावा, आज आपल्याला पळायला जायचंय. तुम्ही सोफ्यावर लोळत ऐकलंत तरी चालेल. आजच्या क्लबच्या संस्थापकालाही पळण्यापेक्षा पळून झाल्यावरची बैठक जास्त प्रिय होती.

सुरुवात एका मागणीपासून करू. साल १९४६. जागा क्वालालंपूर, म्हणजे आजच्या मलेशियाची राजधानी. दुसरं महायुद्ध संपून वर्ष होत आलंय. जपानी सैन्य गेलंय, ब्रिटिश परत आलेत आणि युद्धात झालेल्या नुकसानीची भरपाई मागणं सुरू आहे. आता विचार करा, लोक काय मागत असतील? घर, दुकान, मळा, यंत्रं. या सगळ्यात रोनाल्ड बेनेट नावाच्या एका इंग्रज माणसाने एका रनिंग क्लबतर्फे भरपाई मागितली. कशाची? काही मग, एक पत्र्याचा टब आणि दोन जुन्या पिशव्या.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप हसलो. पुढचं वाचल्यावर हसू जरा ओसरलं. कारण ज्या माणसाने हा क्लब सुरू केला, तो मागणी करायला जिवंत नव्हता.

तर क्लबचं नाव हॅश हाऊस हॅरियर्स. आज जगभर शेकडो शहरांत या नावाने लोक पळतात. पण आपण बोलणार आहोत त्याच्या पहिल्या दहा-बारा वर्षांबद्दल.

आधी नाव समजून घेऊ. हॅरियर ही सशाच्या शिकारीसाठी पाळलेल्या कुत्र्यांची जात. इंग्लंडमध्ये शाळेतली मुलं याच शिकारीचा खेळ खेळायची. दोघंतिघं ससे व्हायचे आणि पिशवीतून कागदाचे कपटे टाकत रानातून पळत सुटायचे. बाकीचे कुत्रे. ते कपट्यांचा माग काढत मागे धावायचे. टॉमस ह्यूजच्या 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' या १८५७ च्या कादंबरीत हा खेळ येतो. १८६८ मध्ये लंडनला थेम्स हेअर अँड हाउंड्स हा मोठ्या माणसांचा क्लब निघाला. वल्हवणारे लोक होते ते. हिवाळ्यात अंग गंजू नये म्हणून पळायला लागले. आज आपण ज्याला क्रॉस-कंट्री म्हणतो ते या खेळातून पुढे आलं. इंग्लंडमधल्या कितीतरी ॲथलेटिक्स क्लबांच्या नावात अजून 'हॅरियर्स' असतं, ते यामुळेच.

आता हॅश हाऊस. १९३० च्या दशकातलं मलाया म्हणजे रबर आणि कथील. मळे आणि खाणी ब्रिटिश कंपन्यांच्या, आणि त्यांचे हिशेब ठेवायला, पत्रव्यवहार करायला इंग्लंडहून तरुण पोरं यायची. बहुतेक बिनलग्नाची. क्वालालंपूरमध्ये १८८४ पासून सेलांगोर क्लब होता. समोर मोठं मैदान, क्रिकेट, गप्पा, बार. क्लबच्या जवळच्या एका इमारतीत ही एकटी मंडळी राहायची आणि जेवायची. जेवण रोज तेच ते. म्हणून त्या जागेला त्यांनी नाव ठेवलं हॅश हाऊस. आपल्या भाषेत सरळ सांगायचं तर खानावळ. पुण्यात पीजीत राहून रोज तीच पातळ आमटी खाल्लेल्यांना ही भावना वेगळी समजावून सांगायला नको!

या मंडळींत एक होता आल्बर्ट स्टीफन इग्नेशियस गिस्पर्ट. लंडनचा, कॅटलान वंशाचा, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. मित्र त्याला नुसतं 'जी' म्हणायचे. अंगाने काही खेळाडू नव्हता. कागदाचा माग काढत पळणारे गट मलायात इतर गावांतही होते, तेव्हा कल्पना नवी नव्हती. गिस्पर्टने १९३८ मध्ये सेसिल ली, फ्रेडरिक थॉमसन, एरिक गॅल्विन अशा मित्रांना गोळा केलं आणि क्वालालंपूरमध्ये पळणं सुरू केलं. उंचापुऱ्या थॉमसनचं टोपणनाव 'हॉर्स' आणि त्या पत्र्याच्या टबवाल्या बेनेटचं 'टॉर्च'. क्लबला काय नाव द्यायचं यावर गिस्पर्टने सुचवलं, आपल्या खानावळीचंच देऊ. झालं, हॅश हाऊस हॅरियर्स.

आता येते माझ्या आवडीची गोष्ट. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे कुठलीही व्यवस्था दिसली की तिचे नियम काय आहेत हे आधी बघतो. आणि या क्लबचा एक नियम भन्नाट आहे.

ससे पुढे जाऊन कागद टाकतात. पण माग सलग ठेवत नाहीत. मध्येच एका ठिकाणी तो तुटतो. याला म्हणतात चेक. कागद संपला, आता पुढे कुठे? सगळ्यात पुढचे पळणारे तिथे पोचतात आणि चारी दिशांना पांगतात. कोणी ओढ्याकडे, कोणी रबराच्या मळ्यात. काही ठिकाणी मुद्दाम खोटा माग टाकलेला असतो, शंभर पावलांवर संपणारा. तो पकडला की धापा टाकत परत. खरा माग ज्याला सापडतो तो ओरडतो, 'ऑन ऑन!' की सगळे त्याच्यामागे.

आता यात होतं काय बघा. जो सगळ्यात वेगवान, तो सगळ्यात जास्त भटकतो. चुकीच्या वाटांवर त्याचीच ताकद खर्च होते. तोवर मागून येणारे, पोट सुटलेले, काल रात्री जास्त झालेले, असे सगळे चेकपर्यंत येऊन पोचतात. आणि कधीकधी असंही होतं की खरी वाट नेमकी मागच्या माणसाच्या शेजारून निघते आणि शेवटचा गडी एकदम पहिला होतो.

थांबायला कोणी सांगत नाही, कोणावर उपकारही करत नाही. तरी सगळे जवळजवळ एकत्र पोचतात. आमच्या क्षेत्रात याला चांगलं डिझाइन म्हणतात. माणसं चांगली वागतील या भरवशावर न राहता नियमच असा बांधायचा, की चांगलं आपोआप घडावं. शर्यत असती तर गिस्पर्टसारखा माणूस दुसऱ्या आठवड्यात घरी बसला असता. इथे तो पळाला आणि त्याच्यासारखे इतरही पळाले.

१९३८ च्या अखेरीस सुरू झालेला हा प्रकार तीन वर्षं चालला. शंभरावर धावा झाल्या. मग ८ डिसेंबर १९४१ ला जपानी सैन्य मलायाच्या उत्तरेला कोटा भारू इथे उतरलं. ११ जानेवारी १९४२ ला क्वालालंपूर पडलं. जेमतेम पाच आठवडे लागले.

गिस्पर्ट तेव्हा सैन्यात होता, आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीबरोबर. आणि इथे आपला एक धागा जुळतो. या पलटणीची जी बटालियन मलायात लढली, ती १२ व्या इंडियन ब्रिगेडमध्ये होती. त्याच ब्रिगेडमध्ये पंजाब रेजिमेंटची आणि हैदराबाद रेजिमेंटची बटालियन होती. ही हैदराबाद रेजिमेंट म्हणजे आजची कुमाऊँ रेजिमेंट. जानेवारीत स्लिम नदीच्या लढाईत जपानी रणगाड्यांनी या ब्रिगेडची अक्षरशः वाताहत केली. मलायात आणि सिंगापूरमध्ये जे सैन्य लढलं त्यात भारतीय जवान फार मोठ्या संख्येने होते. शाळेच्या पुस्तकात आपण सिंगापूर गाठतो ते थेट आझाद हिंद सेनेसाठी. त्याआधीचे हे दोन महिने आपण बहुतेक वगळूनच पुढे जातो.

११ फेब्रुवारी १९४२ ला, सिंगापूरच्या बुकित तिमा भागातल्या लढाईत गिस्पर्ट मारला गेला. चार दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, सिंगापूर शरण गेलं.

खरं तर क्लब इथेच संपायला हवा होता. संस्थापक गेला, माणसं पांगली, शहर शत्रूच्या ताब्यात. क्लबची मालमत्ता म्हणाल तर मग, टब आणि पिशव्या. पण १९४६ मध्ये बेनेटने उरलेल्यांना पुन्हा जमवलं आणि पळणं परत सुरू झालं. भरपाईच्या त्या मागणीकडे आता परत बघा. पत्र्याच्या टबाची किंमत ती काय! पण मागणी करायला आधी हा क्लब अजून आहे असं म्हणावं लागतं. मला तरी त्या मागणीत तेवढं एक वाक्य ऐकू येतं.

दोन वर्षांतच पुढचं संकट. १९४८ मध्ये मलायात आणीबाणी लागली. कम्युनिस्ट बंडखोर आणि ब्रिटिश सरकार यांच्यातला हा संघर्ष १९६० पर्यंत चालला. बंडखोर लपायचे जंगलात आणि मळ्यांच्या कडेला. हॅशवाले पळायचे तेही तिथेच! शहराबाहेर संचारबंदी, जमावावर निर्बंध. पळायच्या वाटा आक्रसल्या, तरी चेरासच्या बाजूला एकदा पळणाऱ्यांची गाठ थेट बंडखोरांशी पडली, असं क्लबच्या आठवणींत सांगतात.

याच काळात, १९५० मध्ये, क्लबची सरकारदरबारी नोंदणी झाली. नोंदणी म्हटली की उद्दिष्टं लिहावी लागतात. यांनी चार लिहिली. सदस्यांची तब्येत चांगली राखणं. शनिवार-रविवारची उतरवणं. चांगली तहान लावून घेऊन ती बिअरने भागवणं. आणि वयस्कर सदस्यांना पटवून देणं की तुम्हाला वाटतं तेवढे तुम्ही म्हातारे झालेले नाही. सरकारी कागदावर, बरं का!

हे सगळं ऐकायला गोड आहे. पण इतिहास सांगायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी.

मघाशी मी म्हटलं की या नियमामुळे कोणी मागे राहत नाही. पण 'कोणी' म्हणजे कोण? सुरुवातीचे सदस्य जवळजवळ सगळे ब्रिटिश, आणि सगळे पुरुष. ज्या रबराच्या मळ्यांतून ते पळत, तिथे पहाटेपासून झाडांना चिरा देऊन चीक गोळा करणारे मजूर बहुतांशी तमिळ होते, भारतातून नेलेले. कथलाच्या खाणींत चिनी मजूर. संध्याकाळी घामाघूम गोरे साहेब कागदाचे कपटे शोधत ओरडत जाताना त्यांना काय वाटलं असेल? मळ्यातल्या पोरांनी ते कपटे गोळा केले असतील का, मुद्दाम भलत्याच वाटेवर टाकून मजा बघितली असेल का? मी असती तर नक्की टाकले असते, असं माझी बहीण म्हणते. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. लिहिलं ते पळणाऱ्यांनी. त्यामुळे क्लबच्या इतिहासात मळा म्हणजे फक्त पार्श्वभूमी उरते.

म्हणजे रस्त्यावरचा नियम सगळ्यांना सामावून घेणारा आणि क्लबचं दार अरुंद. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. गिस्पर्टचा मृत्यू खरा, म्हणून मजुरांचं न दिसणं खोटं ठरत नाही. आणि उलटही नाही.

पुढे काय झालं? १९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झाला. ३१ ऑगस्टच्या मध्यरात्री युनियन जॅक उतरला तो सेलांगोर क्लबच्या समोरच्या त्याच मैदानावर. ब्रिटिश घरी जायला लागले. जाताना, बदली होताना, खेळ बरोबर घेऊन गेले. १९६२ मध्ये सिंगापूरला हॅश सुरू झाला, मग एकेक करत इतरत्र. या पसरण्याला मुख्यालय नाही, परवानगी नाही, फी भरून शाखा घ्यायची भानगड नाही. कोणीही उठावं आणि आपल्या गावात सुरू करावं. ओपन सोर्सवाल्यांना 'फोर्क' हा शब्द माहीत आहे, तसंच. नियम इतके थोडे की एका माणसाच्या डोक्यात मावतात.

आणि प्रत्येक फोर्कमध्ये दार थोडं रुंद होत गेलं. स्थानिक लोक आले. १९७० च्या दशकात बायकांचे गट सुरू झाले, मग मिश्र गट. १९७८ मध्ये हाँगकाँगला जगभरातले हॅशवाले पहिल्यांदा एकत्र जमले, आणि २००२ चा असा मेळावा भरला आपल्या गोव्यात.

मला यातून जे मिळालं ते सांगतो आणि थांबतो. आपण ग्रुप काढतो, रनिंगचा, ट्रेकचा, वाचनाचा. दोन महिन्यांत वेगवान लोक पुढे जातात, हळू चालणारे गळतात आणि मग व्हॉट्सॲपवर फक्त गुड मॉर्निंग उरतं. तेव्हा सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून घ्या, असा उपदेश करून काही होत नाही. वाटेत चेक ठेवा. पुढच्याला थोडं भटकू द्या. आणि अधूनमधून एवढं बघा की आपण ज्या मळ्यातून पळतोय, तिथलं कोण अजून आपल्या यादीत नाही.

भाग आवडला तर अशा एका मित्राला पाठवा जो दर वेळी म्हणतो, 'सोमवारपासून पळायला लागतो.' त्याला सांगा, क्वालालंपूरचा तो पहिला हॅश आजही दर सोमवारी पळतो. भेटू पुढच्या भागात. ऑन ऑन!