उपाशीपोटी आणि जेवल्यावर: दोन आकड्यांचा मागोवा

जळगाव-धुळ्यातल्या लॅबच्या रिपोर्टवर 'फास्टिंग' (उपाशीपोटी) आणि 'पीपी' (जेवणानंतर) हे दोन आकडे एकाखाली एक छापलेले असतात. पहिला 92 आणि दुसरा 131 दिसला की घरात कुजबुज सुरू होते: दोन तासांत शुगर एवढी वाढली? निरोगी माणसाचीही ती वाढतेच. पण वैद्यकाला हे उमगायला फार काळ लागला.

सुरुवात झाली लघवीपासून. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांनी मधुमेह्याची गोड लघवी आणि तिला लागणाऱ्या मुंग्या यांची नोंद करून ठेवली आहे. 1776 साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉबसन यांनी अशी लघवी आटवून तिच्यातून साखर वेगळी काढली. रुग्णाच्या रक्तातला द्रवही गोड असल्याचे त्यांनी नोंदवले. तरीही रक्तातली साखर ही रोगाचीच खूण, असाच समज होता.

हा समज मोडला पॅरिसच्या क्लोद बर्नार यांनी. 1848 च्या सुमारास त्यांना दिसले की प्राण्याला साखरेचा कणही खाऊ घातला नाही, तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर असतेच. म्हणजे यकृत स्वतः साखर तयार करते आणि उपाशीपोटी रक्तात सोडत राहते. मेंदूला ती अखंड लागते. आजच्या 'फास्टिंग'चे मूळ इथे आहे. एकादशीचा निर्जळी उपास केला, तरी निरोगी माणसाची शुगर शून्यावर जात नाही, ती यामुळेच.

जेवणानंतरचा प्रवास उलटा. भाकरीतल्या पिठाचे ग्लुकोज होऊन ते रक्तात उतरते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडते, यकृत आपला पुरवठा आवरते आणि स्नायू साखर ओढून घेतात. निरोगी माणसात साखर साधारण तासाभरात सर्वांत वर जाते आणि दोन तासांनी बहुधा दर डेसिलिटरला 140 मिलिग्रॅमच्या आत परतते.

हा चढउतार मोजायचा, तर थोड्याशा रक्तात भागायला हवे होते. 1920 साली ओटो फोलिन आणि सिएन वू यांच्या पद्धतीने ते दवाखान्यांच्या आवाक्यात आणले. तरी त्यानंतरही अनेक वर्षे डॉक्टर मंडळी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावात लघवी उकळून रंग पाहत: हिरवा, पिवळा, विटकरी. पण रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. त्यामुळे सौम्य मधुमेह या परीक्षेतून निसटून जाई.

निदानाच्या रेषाही एका दिवसात ठरल्या नाहीत. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने उपाशीपोटी 140 आणि 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 200 ही मर्यादा धरली. पुढे डोळ्यांच्या पडद्याला होणारी इजा कुठल्या आकड्यापासून वाढते हे तपासल्यावर, 1997 मध्ये अमेरिकन मधुमेह संघटनेने उपाशीपोटीची रेषा 126 वर आणली. 1999 मध्ये जागतिक संघटनेनेही तीच मानली.

नेहमीच्या 'पीपी'त मात्र ग्लुकोज नसते, घरचे जेवण असते. म्हणून हा आकडा शरीराचा असतो तसाच ताटाचाही. ज्वारीची भाकरी, भरीत आणि डाळ जेवून आलेला माणूस आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरची पुरणपोळी आमरसात बुडवून जेवलेला माणूस यांचे आकडे सारखे येणार नाहीत. रावेर-यावलचे केळे कच्चे असताना त्यात स्टार्च जास्त असतो, पिकल्यावर साखर. 1981 मध्ये डेव्हिड जेनकिन्स यांनी मांडलेला ग्लायसेमिक इंडेक्स अशाच फरकांची मोजदाद करतो.

पुढे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी आली, तेव्हा ही जोडी मागे पडेल असे वाटले. पण खानदेशात या जोडीला मागे टाकून चालणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे एचबीए1सी खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. तिथे उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगरच अधिक भरवशाची.

तेव्हा तपासणीला जाताना रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास पाण्याखेरीज काही घेऊ नका. पीपीसाठी रोजचेच जेवण रोजच्या मापाने जेवा आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजा. शुगर कमी यावी म्हणून अर्धी भाकर खाऊन गेलात, तर डॉक्टरांना तुमच्या रोजच्या ताटाचा आकडा मिळणारच नाही. औषध चालू असेल तर ते कधी घ्यायचे हे आधी विचारा, आणि घरात कोणाला सिकलसेल असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.