अपेंडिक्समधला खडा आणि ससूनमधली एक रात्र

पोट दुखले की आपल्याकडे पाचोऱ्यात आजही काही घरांत पहिला उपाय एरंडेल किंवा जुलाबाची गोळी हाच असतो. दुखणे अपेंडिक्सचे असेल, तर हाच उपाय जिवावर बेतू शकतो. असे का, हे इतिहासातून चांगले कळते.

मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीसारखी, एका टोकाला बंद असलेली नळी असते. तेच अपेंडिक्स. त्यात अडकलेल्या मलावर क्षारांचे थर चढले की कठीण खडा बनतो. १७३५ मध्ये लंडनच्या क्लॉडियस अमियँड यांना ११ वर्षांच्या मुलाच्या हर्नियात अपेंडिक्स सापडले. मुलाने गिळलेली टाचणी त्यात रुतली होती आणि तिच्यावर असाच थर चढला होता. अपेंडिक्स काढल्याची ही पहिली नोंद.

पुढे १८८६ मध्ये अमेरिकेतील डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी दाखवून दिले की, पोटाच्या उजव्या बाजूला होणाऱ्या जीवघेण्या पूचे मूळ बहुधा अपेंडिक्समध्येच असते. खड्यामुळे किंवा आतल्या सुजेमुळे नळीचे तोंड बंद होते. आत दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि शेवटी अपेंडिक्स फुटते. जुलाबाने आतडे जोराने आकसते आणि फुटण्याचा धोका वाढतो.

महाराष्ट्रातले याचे एक उदाहरण १९२४ मधले. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना अपेंडिक्सचा त्रास झाला. ते निसर्गोपचार मानणारे. तरीही १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी कर्नल मॅडॉक यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेतली. मध्येच वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात काम पूर्ण झाले. वीज येईपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते.

आज तुमच्याकडे सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आहे. काही रुग्ण नुसत्या अँटिबायोटिक्सनेही बरे होतात. मात्र खडा असेल तर त्या उपचारात गुंतागुंत जास्त होते, असे २०२० मधील एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसले. म्हणून रिपोर्टमध्ये खड्याचा उल्लेख असेल तर सर्जनना नक्की विचारा.

एवढे लक्षात ठेवा: दुखणे बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकले, भूक गेली, उलटी किंवा ताप आला, तर जुलाब देऊ नका. काही खाऊ-पिऊ घालू नका, लगेच दवाखान्यात या. आणि खूप दुखणारे पोट अचानक थांबले तरी निर्धास्त होऊ नका. अपेंडिक्स फुटल्यावरही थोडा वेळ बरे वाटते.